नऊ गुंठे पाणी, साडेचारशे मासे

शेततळं खोदलं, प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी भरलं की आठवड्याच्या आत कुणीतरी बांधावर उभं राहून विचारतंच, "मग, मासे कधी सोडताय?" विचारणाऱ्याचा काही दोष नाही. माणदेशात एवढं पाणी एका जागी दिसलं की माणसाला काहीही सुचतं. पाणी आहे म्हणजे मासा होणारच, त्याला काय लागतंय, असं सगळ्यांना वाटतं.

मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी तीस बाय तीस मीटरच्या तळ्यात मी दोन हजार बोटुकली सोडली. विकणारा म्हणाला होता, "जास्तच सोडा, मरतूक धरून परवडतं." ऑक्टोबरात परतीच्या पावसाचं आभाळ चार दिवस उठलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे डाळिंबाला पाणी द्यायला मोटर चालू करायला गेलो, तर पाण्याच्या एका कडेला पांढरी रेघ दिसली. फेस असेल म्हणून बॅटरी मारली. पोटं वर आलेले मासे वाऱ्याने कागदाला येऊन लागले होते. रोग नव्हता, विष नव्हतं, भावकीतला दगाफटकाही नव्हता. पाण्यातला प्राणवायू रात्रीतून संपला होता.

तेव्हापासून मी एकच हिशेब धरून चालतो. तळ्यात मासे किती मावतील हे ढगाळ रात्रीनंतरची पहाट सांगते. बोटुकली विकणाऱ्याला ते विचारायचं नाही. पुढे जे लिहिलंय ते याच हिशेबाच्या अंगाने लिहिलंय. तुमचं तळं तीस बाय तीसचं असेल तर आकडे जसेच्या तसे घ्या, लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात बदला.

आपलं तळं जगाच्या ताटात कुठे बसतं

अन्न आणि कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात पहिल्यांदा पकडलेल्या माशांपेक्षा पाळलेले मासे, कोळंबी, शिंपले यांचं उत्पादन जास्त झालं. पाळलेलं सुमारे ९.४ कोटी टन, पकडलेलं सुमारे ९.१ कोटी टन. समुद्रातून आणखी काढत राहण्याला मर्यादा आहे, त्यामुळे वाढत्या तोंडांना मासा पुरवायचा तर तो पाळूनच पुरवावा लागणार. या पाळीव माशांत चीनखालोखाल भारताचा नंबर आहे.

पण पाळलेला मासा म्हणजे आपोआप समुद्राला दिलासा, असं होत नाही. मांस खाणारा मासा पाळायचा तर त्याच्या खाद्यात समुद्रातलीच बारीक मासळी दळून घालावी लागते. म्हणजे एकीकडून वाचवायचं आणि दुसरीकडून उपसायचं. रोहू, कटला, मृगळ या आपल्या माशांचं तसं नाही. ते पाण्यातलं शेवाळ, बारीक जीव, कुजकं, पेंड, कोंडा यांवर वाढतात. शिवाय माशाला अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही आणि पाणी त्याचं वजन पेलतं, म्हणून पोटात गेलेल्या खाद्यातलं बरंचसं अंगाला लागतं. शेततळ्यातली मत्स्यशेती टिकाऊ म्हणायची ती या अर्थाने: डाळिंबासाठी साठवलेलंच पाणी, घरचंच शेण, गिरणीतलाच कोंडा, आणि त्यातून मासा.

आधी तळं मोजा, मग मासे

तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात काठोकाठ भरल्यावर सुमारे २,१९६ घनमीटर पाणी बसतं. माशांसाठी मात्र घनमीटर मोजू नका, पाण्याचा वरचा पृष्ठभाग मोजा, कारण हवा आणि ऊन तिथूनच पाण्यात शिरतं. तो होतो ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे.

मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली सांगितली जाते. वरचा आकडा ज्यांच्याकडे हवा मारायची यंत्रं आहेत, वीज भरवशाची आहे आणि तळ्यावर माणूस आहे, त्यांच्यासाठी. आपण खालचा धरायचा. नऊ गुंठ्यांना ४५०. मी दोन हजार सोडली होती, म्हणजे चौपटीहून जास्त.

दुसरं माप खोलीचं. माशाला निदान पाच फूट पाणी राहिलंच पाहिजे. तळं बागेसाठी आहे, उन्हाळ्यात ते उपसलं जाणार, हे आधीच गृहीत धरा. कागदाच्या उतारावर पाच फुटांच्या पातळीला ऑइलपेंटने लाल पट्टा मारून ठेवा. पाणी त्या पट्ट्याला टेकायच्या आत मासे बाहेर आले पाहिजेत. बहुतेकांचं इथेच चुकतं. मार्चात बाग आणि मासा दोघंही पाणी मागतात, मालक बागेला देतो, आणि मासा ओंजळभर कोमट पाण्यात तडफडतो. ज्या तळ्यात मार्चपर्यंत पाणी टिकत नाही, तिथे मासे सोडूच नका.

तिघांचे तीन मजले

आपल्याकडच्या मत्स्यशेतीची सगळी अक्कल एका साध्या गोष्टीत आहे: एकाच घरात तीन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळं कुटुंब. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकमेकांच्या ताटात कुणी हात घालत नाही. बाहेरून आलेले तीन मासे याच रचनेत बसतात: चंदेरा वर, गवत्या मधे आणि सायप्रिनस तळाला. ठरलेलं प्रमाण वर ४०, मधे ३०, तळाला ३० टक्के असं आहे. कागदाच्या तळ्यात मातीचा तळ नसल्याने तळातल्या माशाला खायला कमी मिळतं, म्हणून मी तिथले थोडे कमी करून मधले वाढवतो. माझ्या तळ्यातली वाटणी अशी:

- कटला १४०, चंदेरा ४०
- रोहू १४५, गवत्या २०
- मृगळ ६०, सायप्रिनस ४५

गवत्याला बांधावरचा घास, लसूणघास कापून टाका. चंदेरा शेवाळ खातो, आणि हिरव्या पाण्याने ज्यांचं ठिबक तुंबतं त्यांना त्याची किंमत कळते. मातीच्या तळ्यात मात्र सायप्रिनस आणखी कमी ठेवा, तो बांध उकरतो.

आता काय सोडायचं नाही ते. उजनीच्या काठी भिगवणला गेलात तर चिलापीचे ढीग दिसतील. १९५२ साली भारतात आलेल्या तिलापियाचं हे कुळ. चिलापी तळ्यातच वीण घालते, वर्षभर घालते, आणि बघता बघता तळं बोटभर लांबीच्या चिलाप्यांनी भरून जातं. सुधारित, सगळे नर असलेली चिलापी पाळता येते, पण तिला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आणि मान्यताप्राप्त केंद्रातलंच बीज लागतं. थाई मांगूरवर तर देशात बंदीच आहे. तो काहीही खातो, ओढ्यात निसटला की तिथल्या माशांचा फडशा पाडतो. "लवकर वाढतो, कोंबडीच्या आतड्यांवर जगतो" असं सांगून कुणी आणून दिला तर दारातूनच परत पाठवा.

बोटुकली आणताना

रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी सगळं बीज नदीतून गोळा करावं लागे, आणि त्यात कोणते मासे निघतील याचा भरवसा नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगूलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो यासाठी. आज तुमच्या गावात पिशवीतून मत्स्यबीज येतं ते त्या सुईमुळे.

बीज वाढीच्या पायरीनुसार विकलं जातं: मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली. नावातच माप आहे. जिरे स्वस्त मिळतं, पण आपल्या तळ्यात ते जगवणं अवघड. तीन-चार इंचांची बोटुकलीच घ्या. महाग वाटेल, पण साडेचारशेच तर घ्यायची आहे. जयंती रोहू मिळाला तर जरूर घ्या. भुवनेश्वरजवळच्या कौशल्यगंगा इथल्या केंद्रीय गोड्यापाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निवड पद्धतीने तयार केलेलं हे वाण साध्या रोहूपेक्षा वेगाने वाढतं.

घेताना दोन गोष्टी बघा. टबातल्या पाण्याला हाताने गोल गती द्या. चांगली बोटुकली प्रवाहाच्या उलट पोहते, मरगळलेली त्याच्याबरोबर फिरते. आणि खवले निघालेली, शेपटी कुरतडलेली, डोकं मोठं नि अंग बारीक अशी नको.

पिशवी घरी आणली की लगेच सोडायची घाई नको. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर पिशव्या बंदच तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होऊ द्या. मग तोंड सोडून तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घ्या. दहा लिटर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवून बोटुकली जाळीत घेऊन त्यात मिनिटभर बुडवा, म्हणजे अंगावरचे परजीवी गळतात. मग जाळी तळ्यात तिरकी धरा आणि त्यांची त्यांना जाऊ द्या. वरून ओतू नका.

पाणी हिरवं हवं, पण किती?

कागदाच्या तळ्यातलं नवं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि माशाच्या दृष्टीने ते रिकामं ताट असतं. बोटुकली सोडण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी पाण्याला रंग आणायचा. ताज्या शेणाचा काला करून, गोणपाटाच्या पोत्यात भरून कोपऱ्याला दोरीने लोंबकळत ठेवा; आठवड्याला पंधरा-वीस किलो शेण पुरे. पोत्यामुळे चोथा कागदावर बसत नाही आणि पाणी पुरेसं हिरवं झालं की पोतं उचलून बाहेर ठेवता येतं.

चुना सरसकट टाकू नका. पुस्तकात हेक्टरी दोनशे-अडीचशे किलो लिहिलेलं असतं, पण आपल्या भागातलं विहिरीचं, बोअरचं पाणी बहुधा आधीच अल्कधर्मी असतं. सामू मोजायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असेल तर चुन्याचं काम नाही.

रंग मोजायला यंत्र नको, हात पुरतो. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात काठावर बसून हात सरळ पाण्यात घाला. कोपरापर्यंत बुडाला तरी तळवा स्वच्छ दिसतोय? पाणी उपाशी आहे, शेणाचा काला वाढवा. कोपराजवळ येता येता तळवा दिसेनासा होतोय? छान. मनगट बुडताच बोटं दिसेनाशी झाली? शेण बंद, खाद्य निम्मं, आणि तळातलं पाणी बागेला देऊन वरून ताजं पाणी घ्या. माशाचं पाणी बागेला दिलं की त्यातलं नत्र झाडाला मिळतं, हा वरचा फायदा. मात्र सँड फिल्टर रोज उलटा धुवावा लागेल आणि मोटरच्या फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधावी लागेल, नाहीतर बोटुकली थेट फिल्टरमध्ये सापडेल.

खाद्य टाकायचं नसतं, टांगायचं असतं

शेंगदाणा पेंड आणि कोंडा निम्मे निम्मे, हे जुनं आणि भरवशाचं खाद्य. भाताचा कोंडा नसेल तर गव्हाचा कोंडा किंवा मक्याचा भरडा चालतो. पेंड रात्रभर भिजत घाला, सकाळी कोंडा मिसळून घट्ट गोळे करा. पेंडीला बुरशी आली असेल तर ती माशालाही नको.

खाद्य पाण्यात मुठीने उधळलं की अर्धं तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजणारी प्रत्येक गोष्ट प्राणवायू खाते. आंध्रातले मत्स्यशेतकरी पिशवी टांगतात, ते आपल्यालाही जमतं. स्वच्छ धुतलेली प्लास्टिकची गोणी घ्या, खालच्या बाजूला चार-पाच भोकं पाडा, खाद्य भरून दोरीवर अशी टांगा की खालचा भाग पाण्यात राहील. मासे भोकांना तोंड लावून खातात. दोन तासांनी गोणी उचला. रिकामी असेल तर उद्या तेवढंच, उरलं असेल तर उद्या कमी.

किती द्यायचं? तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के. त्यासाठी महिन्यातून एकदा फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे धरून वजन करा. समजा चारशे मासे जिवंत आहेत आणि सरासरी वजन २०० ग्रॅम भरलं, तर तळ्यात ८० किलो मासा आहे. त्याला दिवसाला दोन किलो खाद्य. हे वहीत लिहा. थंडीत पाणी गार पडलं की मासा खायचं कमी करतो, तेव्हा तुम्हीही कमी करा. आणि आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी खाद्य अजिबात देऊ नका. एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

पहाटेची फेरी

पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं, म्हणून दुपारी तळं त्याने भरलेलं असतं. रात्री शेवाळही श्वास घेतं, मासेही घेतात, तळातला गाळही कुजताना घेतो. सगळे काढतच असतात, भरणारं कुणी नसतं. पहाटे चार ते सूर्य वर येईपर्यंत खातं सगळ्यात रिकामं असतं. आभाळ आलेलं असलं की दिवसाची भरतीही अर्धीच होते, आणि तीन-चार दिवसांत दिवाळं निघतं. माझं निघालं ते असं. त्यात पाणी गर्द हिरवं होतं आणि मी कौतुकाने खाद्यही भरपूर घालत होतो.

म्हणून दिवसातून एकदाच तळ्यावर जायचं असेल तर पहाटे जा. लिटरमागे पाच मिलिग्रॅम प्राणवायू असला की मासा सुखात असतो, तीनच्या खाली आला की धोका. पण मोजायचं यंत्र नसलं तरी मासा स्वतः सांगतो. पृष्ठभागावर तोंडं काढून मासे हवा गिळताना दिसले, बॅटरीचा झोत पडला तरी खाली पळाले नाहीत, की समजायचं वेळ थोडा आहे. अशा वेळी हे करा:

१. तळ्यातलंच पाणी मोटरने उचलून उंचावरून, पाइपच्या तोंडाला अंगठा किंवा फांदी लावून, फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. थेंब जितके फुटतील तितकी हवा मिसळेल.

२. विहिरीचं पाणी सोडत असाल तर तेही असंच फोडून सोडा. बोअरच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो; पाइप पाण्यात बुडवून सोडलं तर उपयोग होत नाही.

३. शेणाचं पोतं बाहेर काढा, खाद्य बंद करा.

४. ऊन चांगलं पडेपर्यंत मोटर थांबवू नका. वीज गेली तर गावात डिझेल इंजिन कुणाकडे आहे हे आधीच माहीत असू द्या.

हल्ली लहान टाकीत हजारो मासे मावतात असं सांगून बायोफ्लॉकच्या टाक्या विकल्या जातात. पद्धत खोटी नाही, पण तिथे हवा दिवसरात्र चालूच लागते. ज्या गावात शेतीची वीज आठ तास आणि तीही पाळीने येते, तिथे जनरेटरशिवाय हा धंदा म्हणजे माझी ती पहाट रोज उशाला घेऊन झोपणं.

फवारा, औषध आणि कागद

डाळिंबावर, द्राक्षावर मारतो त्यातली सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशकं माशाला अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. फवारा वाऱ्याने तळ्याकडे जाणार असेल तर त्या दिवशी मारू नका. पंप तळ्यात धुवू नका. व्हेंचुरीतून खत-औषध सोडत असाल तर मोटर बंद झाल्यावर पाणी उलटं तळ्यात येणार नाही असा व्हॉल्व्ह बसवा. हे तिन्ही नियम गड्यालाही सांगा, कारण पंप बहुधा तोच धुतो.

थंडीत माशाच्या अंगावर लाल चट्टे, जखमा दिसल्या तर दुकानातून प्रतिजैविक आणून ओतू नका. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांवर मत्स्यशेतीत बंदी आहे, आणि तो मासा शेवटी आपल्याच मुलांच्या ताटात येणार आहे. मेलेला मासा काढून पुरा, दोन-तीन आजारी मासे बर्फात घालून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कागदाच्या तळ्यात पडलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही. ओल्या कागदावर शेवाळ असतं, पाय टिकत नाही, हाताला धरायला काही नसतं. शेततळ्यात मुलं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. मासे सोडले की तळ्याकडे पोरांची ओढ वाढते, तेव्हा कुंपण आधी आणि बोटुकली नंतर. चारही बाजूंना खुंटीला बांधलेले, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा. हवा भरलेल्या दोन ट्यूब दोरासकट बांधावर कायम असू द्या. जाळं टाकायला एकट्याने जायचं नाही.

काढणी आणि विक्री

जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेला मासा फेब्रुवारीत अर्धा किलोच्या आसपास येतो. सगळे एकदम काढू नका. मोठे झालेले आधी काढत गेलात तर मागे राहिलेल्यांना जागा आणि हवा मिळते. साडेचारशेपैकी ३४० मासे हाती लागले आणि सरासरी पाऊण किलो भरला तर २५५ किलो मासा होतो. रुपयांत हिशेब मी मुद्दाम देत नाही. दर गावागणिक आणि वारागणिक बदलतो. मात्र बोटुकली, पेंड, डिझेल, जाळ्याची मजुरी आणि बर्फ असे पाच रकाने असलेली वही ठेवा, म्हणजे फायदा झाला की तसं नुसतं वाटलं ते कळेल.

आपल्या बाजारात रोहू-कटला येतो तो बराचसा आंध्रातून, बर्फाच्या पेटीत, दोन-तीन दिवसांचा होऊन. त्याच्याशी भावात झुंजू नका. तुमच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही. तुमचा मासा सकाळी तळ्यात होता. आदल्या दिवशी खाद्य बंद करा, पहाटे जाळं टाका, बांधावरच विका. गावच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळी "उद्या सात वाजता तळ्यावर मासा" एवढं टाकलं की पुरतं. आठवडी बाजाराला न्यायचा असेल तर जेवढा मासा तेवढाच बर्फ, थरावर थर.

सरकारी मदत हवी असेल तर जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. मत्स्यशेतीलाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. पण अनुदान मिळतंय म्हणून मोठा प्रकल्प उभारू नका. आधी साडेचारशे मासे एक वर्ष जगवून दाखवा.

पहिलं जाळं घरासाठी

मोदडुगु विजय गुप्ता या आंध्रच्या मत्स्यशास्त्रज्ञाला २००५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांनी बांगलादेशातल्या गरीब कुटुंबांना, त्यातही बायकांना, रस्त्याकडेच्या खड्ड्यांत आणि चार-सहा महिने टिकणाऱ्या डबक्यांत मासे वाढवायला शिकवलं. आपल्या शेततळ्यांच्या मानाने ती डबकी काहीच नव्हती. २०२१ साली हाच पुरस्कार शकुंतला थिलस्टेड यांना मिळाला, तो लहान माशांच्या पोषणावरच्या कामासाठी. तळं तयार करताना मोहाची पेंड टाकून जे बारीक मासे तण म्हणून मारले जात, त्यांतला मोला हा बोटाएवढा मासा जीवनसत्त्व 'अ'ने भरलेला निघाला. ते जीवनसत्त्व बरंचसं त्याच्या डोळ्यांत आणि पोटात असतं, म्हणजे डोकं कापून टाकलं की गेलं. रोहू-कटल्यासोबत मोला वाढवायचा. मोठा मासा विकायचा आणि बारीक घरात सगळाच्या सगळा खायचा, ही पद्धत बांगलादेशात रुजली.

आपल्याकडे मातीचं तळं किंवा पाझर तलाव असेल आणि त्यात ओढ्यातून आलेले बारीक मासे असतील तर ते मारू नका, फक्त मासे खाणारे मोठे मासे काढा. कागदाचं तळं असेल तर हे जमणार नाही, पण धडा घेता येतो. सुकट, जवळा आपण काट्याडोक्यासकट खातोच. भाकरीबरोबर ती पोरांच्या ताटात पडू द्या. घरच्या रोहूचं डोकं फेकू नका, त्याचं कालवण करा.

वर्षभर आठवड्याला एक किलो मासा घरी खाल्ला तरी ५२ किलो लागतो. अडीचशेतून तो सहज निघतो, पण आधी बाजूला काढला तरच. दूध डेअरीला घालून घरात काळा चहा पिणारी घरं आपण पाहिली आहेत. माशाचं तसं होऊ देऊ नका.

वर्षाची आखणी

- जून : तळं साफ, कागदाची भोकं बुजवणं, कुंपण, दोर, लाल पट्टा
- जुलै-ऑगस्ट : पाण्याला रंग, मग बोटुकली
- सप्टेंबर-ऑक्टोबर : ढगाळ दिवसांत खाद्य बंद, पहाटेची फेरी चुकवायची नाही
- नोव्हेंबर-जानेवारी : खाद्य कमी, महिन्याला वजन, अंगावर चट्टे आहेत का बघणं
- फेब्रुवारी-मार्च : मोठे मासे काढायला सुरुवात, आधी घरचे
- एप्रिल : लाल पट्ट्याच्या आत सगळी काढणी

यंदाही मी साडेचारशेच सोडले आहेत. बांधावर येणारे अजून म्हणतात, एवढ्या पाण्यात आणखी हजार सहज बसतील. दुपारी बघितलं तर मलाही तसंच वाटतं. मी त्यांना म्हणतो, आभाळ आलेलं असेल तेव्हा या, पहाटे पाचला, बॅटरी घेऊन. अजून कुणी आलेलं नाही.